दिवाळीपर्यंतच्या भिंती

गिरजाबाईची खोली अशी होती, की बाजेवर उताणं पडून डावा हात लांबवला तर एका भिंतीला लागायचा आणि उजवा लांबवला तर दुसऱ्या. एक दार, आणि मागच्या अंगाला पार छपराखाली, मांजरालाही अंग चोरावं लागेल एवढा झरोका. दाराबाहेर सासूनं राखेची जाड रेघ ओढलेली. रेघेच्या आत गिरजा, तिची तान्ही पोर, शेगडीतले निखारे आणि ओव्याची धुरी. रेघेच्या बाहेर बाकीचं सगळं जग, वाऱ्यासकट.

बाळंतिणीचं असंच असतं म्हणा. सोयर फिटेपर्यंत तिनं रेघ ओलांडायची नाही, कशाला शिवायचं नाही. ती ज्याला शिवली ते बाटलं. जमनाबाई सुईण तेवढी आत यायची, पोरीला न्हाऊ घालायची, गिरजेचं अंग चोळायची, आणि बाहेर जाऊन डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय माणसांत बसायची नाही. बारशाला ही खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढऱ्या मातीनं पोतारून काढली, की सोयर फिटली. मग बाई पुन्हा माणसांत, आणि पोरीला नाव.

गिरजेला ही खोली पाठ होती. मागच्या सालीही ती इथंच होती, याच बाजेवर. तिची पहिली लेक याच शेगडीशेजारी थंडीतापानं गेली. एवढ्याशा अंगाला अशी हुडहुडी भरायची, की अख्खी बाज करकरायची. नथ्थू, तिचा नवरा, कोयनेलच्या गोळ्या आणायला मालेगावला धावत गेला होता. पोरीनं काही त्याची वाट पाहिली नाही.

ती का गेली, याचं उत्तर सासूजवळ, जिजाबाईजवळ, तयार होतं. म्हणजे तिला ते विहिरीवरच्या बायकांनी तयार करून दिलं होतं. त्या बारशाला पांढरी माती कमी पडली आणि उतरंडीमागचा एक कोपरा पोतारायचा राहून गेला होता. सोयर तिथंच दडून बसली आणि तिनंच पोर नेली, असं बायका म्हणाल्या. आधी पाठीमागे म्हणाल्या, मग तोंडावर म्हणाल्या. जिजाबाई एरवी मोठी तोंडाळ, बाजारात वांग्याला नाव ठेवणाऱ्याला टोपलीसकट घरी पाठवणारी; पण या बोलण्यावर ती एक शब्द बोलली नाही. तिला ते खरं वाटलं होतं.

म्हणून यंदा तिनं नथ्थूकडून नाल्याच्या दरडीतली बंडीभर माती आणवली होती. एकदा का पावसानं जोर धरला, की दरड पाण्याखाली जाते आणि दिवाळीशिवाय पुन्हा दिसत नाही. ती सगळीच्या सगळी माती अंगणात, गिरजेच्या दारालगतच्या दगडी डोणीत भिजत पडली होती. दुधावरच्या सायीसारखी. जिजाबाई येता-जाता त्या डोणीकडे अशी बघायची, जशी दुसरी एखादी बाई पेटीतल्या दागिन्याकडे बघेल.

पाचवी पुजून झाली आणि दुसऱ्या दिवशी गावात मलेरियावाले आले.

गिरजेच्या खोलीमागे कडुनिंबाचं झाड आहे. गावात सावली म्हणावी अशी तेवढीच, म्हणून साहेब भोंगा घेऊन तिथंच उभा राहिला. गिरजेला तो दिसत नव्हता, नुसता आवाज झरोक्यातून धबाधबा आत पडत होता. साहेब शहराकडचा असावा. बोलणं अगदी पुस्तकातलं. गिरजा चौथी शिकलेली होती आणि पुस्तकातलं बोलणं ऐकून तिला फार दिवस झाले होते. ती बाजेवर उभी राहिली आणि तिनं कान वर केला.

साहेबानं सांगितलं, की थंडीताप सटवाईनं येत नाही, नजरेनं येत नाही, डासानं येतो. आजाऱ्याला चावलेला डास चांगल्याला चावतो आणि ताप एका अंगातून दुसऱ्या अंगात नेऊन पोचवतो. रक्त पिऊन त्याचं पोट जड झालं, की तो भिंतीवर विसाव्याला बसतो. भिंतीवर औषध असलं, की तिथंच मरतो. डासही दमतो, ही गोष्ट गिरजेला इतकी पटली, की तिनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. तीन होते. दमून बसलेले.

गावकरी मात्र जांभया देत होते. मग साहेब म्हणाला, की याच औषधानं ढेकूणही मरतात, आणि झाडाखाली एकदम जीव आला. ढेकूण म्हणजे सगळ्यांच्या घरचं दुखणं. कुणी विचारलं, किती मरतात, सगळे का? कुणी म्हणालं, माझ्या घरापासून सुरू करा. तेवढ्यात पलीकडे बादलीत पांढरं औषध कालवायला घेतलं आणि पंपाचा दांडा खटाखटा वाजला. अख्खं गाव ते बघायला धावलं. जिजाबाई सगळ्यात पुढं, हे गिरजेला तिच्या जोडव्यांच्या आवाजावरून कळलं.

साहेब बिचारा बोलायचा थांबला नाही. त्याला तेवढं सगळं सांगायचं असणार. रिकाम्या सावलीला त्यानं सांगितलं, की एकही खोली सोडू नका, सोडलेल्या खोलीत डास गोळा होतो. आणि औषध मारलेल्या भिंती दिवाळीपर्यंत पोतारू नका, सारवू नका, धुऊ नका; वरून माती बसली की औषध मेलं. एक शेळी ओरडली. त्या सभेला शेवटपर्यंत थांबलेली माणसं दोनच, शेळी आणि गिरजा. दोघींनाही जायला दुसरी जागा नव्हती.

जमनाबाई आली तेव्हा गिरजेनं तिच्याकडून सासूला निरोप धाडला, की आपल्या खोलीतही औषध मारू द्या. उत्तर लगेच आलं. बाळंतिणीच्या खोलीत बाप्ये शिरणार, आणि कोवळ्या टाळूवर त्या औषधाचा वास बसणार, हे जिजाबाई जिवंत असेपर्यंत होणार नाही. बाकीचं घर मारू देत, ढेकूण फार झालेत.

पंपाचा आवाज घरोघर करत जवळ येत गेला. गिरजा पोरीला मांडीवर घेऊन ऐकत राहिली. वसरी झाली. स्वयंपाकघर झालं. गोठा झाला. मग आवाज तिच्या दाराशी येऊन थांबला. नळी धरणारा हरिसिंग जवळच्याच तांड्यावरचा, हंगामापुरता या कामाला लागलेला. त्यानं विचारलं, हे दार कशाचं. जिजाबाईनं सांगितलं. तो तिथूनच मागं सरकला. बाळंतिणीच्या खोलीची भीती काही एकट्या जिजाबाईला नव्हती.

पावलं वळली. गिरजेनं भिंतीकडे बघितलं. तिनाचे किती झाले होते ते तिनं मोजलं नाही. अख्ख्या घरातून हाकललेला डास आता जाईल कुठं, याचा हिशेब सोपा होता. तो हिशेब पोरीच्या गालावर येऊन बसलाही होता. तिनं तो हातानं हाकलला, पोरीला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं, स्वतःचं डोकं घट्ट बांधलं आणि राखेच्या रेघेवरून पाय टाकला.

अंगणात जे जसं होतं ते तसंच राहिलं. सासरे गुलाबराव खाटेवरून उठले आणि त्यांनी पटकन तोंड फिरवलं. नथ्थू वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन फाटकात उभा होता. ती उतरवावी की तशीच राहू द्यावी हे त्याला कळेना. आणि गंमत अशी, की गिरजेला धरून आत नेणार कोण? तिला शिवायचं तर सोयर लागते. अख्ख्या घराला तिच्यापासून चार हात लांब राहायची सवय लावलेली, तीच आता कामी येत होती.

"गिरजे, आत जाय," जिजाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "वारं लागून राह्यलं लेकराले."

"खोली खाली झाली, आत्याबाई. आता मारू द्या."

ती अंगणाच्या बरोबर मध्ये उभी होती, कशाला न टेकता. खांबाला नाही, भिंतीला नाही. बाळंतपणाचे पाय थरथरत होते, तरी टेकली नाही. कुंपणापलीकडे गाव जमायला लागलं. हरिसिंग नळी हातात धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.

"बाई, काय ते सांगा," तो म्हणाला. "तुमच्या सासूसुनेच्या पायी माही दवा बादलीतच बसून राह्यली."

कुंपणापलीकडे कुणी तरी हसलं. जिजाबाईनं एकदा सुनेच्या पायांकडे बघितलं, एकदा पोरीच्या उघड्या टाळूकडे, आणि हात झटकून म्हणाली, मारा बाबा, मारा एकदाचं. जमनाबाईनं बाज आणि शेगडी बाहेर काढली. पंप वाजला. भिंती ओल्या झाल्या, मग वाळता वाळता पांढऱ्या पडल्या. साहेबानं दाराशेजारी भिंतीवर खूण म्हणून गेरूनं आकडा लिहिला. खोली वाळेपर्यंत गिरजा तशीच उभी राहिली, उन्हात, लोकांत, आणि आत जाताना तिला वाटलं, झालं. जिंकले.

ते वाटणं फार टिकलं नाही. मलेरियावाल्यांचा ट्रक गावाबाहेर पडला आणि अंगणातून जिजाबाईचं बोलणं आत आलं. ती जमनाबाईला सांगत होती, की रेघ मोडली, अंगण बाटलं, आता बारशाची वाट बघून चालणार नाही. उद्याच घर पोतारायला घ्यायचं. सगळं. आणि ती खोली तर दोन हात देऊन, कोपरान् कोपरा.

गिरजा बाजेवर बसून राहिली. गाठ सोडवायला गेली होती आणि स्वतःच्या हातानं आणखी आवळून बसली होती. बाहेर पडली नसती तर औषध मिळालं नसतं. बाहेर पडली, म्हणून औषध उद्या मातीखाली जाणार.

तिनं दारातून सासूला हाक मारली आणि साहेबाचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. दिवाळीपर्यंत पोतारायचं नाही.

"कोन्या सायबानं सांगतलं? मी बी तठीच होती."

"तुमी पंप पाहाले गेल्त्या."

जिजाबाई रेघेपर्यंत आली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "मागच्या खेपेले एक कोपरा सुटला, गिरजे. एकच. अन् तू मले सारं घर सोडाले सांगतं? पुन्हा तेच झालं तं मी विहिरीवर जाऊ का विहिरीत जाऊ, सांग."

सासू खोटं बोलत नव्हती, हीच तर अडचण होती. दोघींची पोर एकच गेली होती.

तिन्हीसांजेला नथ्थू झरोक्याखाली आला. त्याला तिनं सांगितलं, की साहेबाला गाठा आणि आत्याबाईंना सांगायला घेऊन या. तो गेला, आणि बऱ्याच वेळानं तसाच परत आला. ट्रक पुढच्या गावांना निघून गेला होता. मग तो म्हणाला, की माय म्हणते तर एकदा पोतारून होऊ दे, नाही तरी माती भिजलीच आहे. गिरजेला तो आवडायचा, पण भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं कधी कधी, आणि आज तर मध्ये भिंत होतीच.

सकाळी शेजारच्या बायका फडकी घेऊन आल्या. जिजाबाई न्हाऊन, लुगडं वर खोचून तयार. सुरुवात याच खोलीपासून होणार होती. जमनाबाईनं बाज पुन्हा बाहेर ओढली. गिरजा पोरीला घेऊन दाराच्या आत, रेघेशी उभी. तिच्या पायापासून वीतभर अंतरावर डोणी, डोणीत पांढरी माती, अगदी काठोकाठ. जिजाबाईनं ती ढवळायला फडकं उचललं.

गिरजेनं त्या मातीकडे बघितलं. कालपासून तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, की या खोलीत आपल्या हातात काहीच नाही. बोलणं नाही, जाणं नाही, ताट नाही, घागर नाही. जे शिवू ते बाटतं.

जे शिवू ते बाटतं.

तिनं पोरीला जमनाबाईच्या हातात दिलं, खाली बसली आणि रेघेवरून वाकून दोन्ही हात कोपरांपर्यंत त्या मातीत घातले.

माती गार होती, हे तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. बायकांनी नुसती फडकी खाली घेतली. बाळंतिणीनं बाटवलेली माती भिंतीला लावायची म्हणजे सोयर फेडायची नाही, लिंपायची. दुसरी आणावी तर रात्रीच आभाळ फुटलं होतं आणि दरड पाण्याखाली गेली होती. शेजारून मागावी तर सोयरीच्या घराला माती कोण देतं?

जिजाबाई जिथं होती तिथं मटकन बसली. मग म्हणाली, "आता माती नाई तं बारसं नाई. बस मंग तठीच, दिवाळीलोक."

रागाच्या भरात बोलली ती. पण चार बायकांपुढं बोलली, आणि तसं बोललेलं मागं घेता येत नाही.

"बसीन," गिरजा म्हणाली.

आणि बसली.

हे सांगायला सोपं आहे. गिरजा एरवी वाफ्यातून अशी पळायची, की नथ्थूला मागून मोट सोडून हसू यायचं. ती गिरजा आता भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायची. तिसऱ्या पावलाला वळायचं. जमनाबाईनं नेमाचे दिवस भरले आणि तीही यायची थांबली. ताट रेघेवरून सरकत आत यायचं, सरकत बाहेर जायचं. तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. पोरीला नाव नव्हतं. घरात सगळे तिला नुसतं पोट्टी म्हणायचे. पाऊस लागला तो लागलाच. छपराचं पाणी झरोक्यातून आत यायचं आणि गिरजा आधी पोरीला नाही, भिंतीला फाटकं लुगडं लावायची.

संध्याकाळी नथ्थू निंबाखाली येऊन उभा राहायचा. वांगे चांगले हायेत, असं सांगायचा. मग थोड्या वेळानं, मेथी बी बरी हाय. गिरजा त्या मेथीचा वास आठवत बसायची.

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. पोळा जवळ आला तेव्हा पोर रात्रंदिवस रडायला लागली, नुसतं कुणी तरी फिरवावं म्हणून. गिरजेचे हात भरून यायचे, बाहेर सासरे खोकायचे, सासू भांडी आपटायची, आणि पोरीला घ्यायला एकही माणूस नव्हतं. त्या दिवसांत तिला वाटून गेलं, की लावा ती माती, बाटलेली तर बाटलेली, पण हे दार उघडा. तिनं नखानं भिंत खरवडूनही पाहिली. नखात पांढरं औषध आलं. तिनं ते धुतलं आणि पुन्हा चालायला लागली.

पोळ्याला गावानं घरं पोतारली. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भिंती कशा चांदण्यासारख्या झाल्या. जिजाबाईचंच घर तेवढं डागाळलेलं, औषधाच्या ओघळांचं. बायका येता-जाता थांबून विचारायच्या, की जिजाबाई, घर विकाले काढलं का. सणावाराला तिला कुणी बोलावलं नाही. घरात सोयर होती ना.

मग पाऊस ओसरला आणि गावात थंडीताप आला. गिरजेला तो झरोक्यातून ऐकू यायचा. पलीकडच्या घरी खाट करकरायची. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ती पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसायची. कपाळ गार असायचं. सकाळी उठून बघावं तर भिंतीच्या कडेला डास पडलेले, काडीसारखे पाय वर करून. तिनं ते झाडून काढले नाहीत. रेघेजवळ गोळा करून ठेवले, सासूला दिसतील असे.

जिजाबाईनं ते पाहिले की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती हल्ली रेघेपलीकडे येऊन बसायची, पोरीकडे बघत, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. एकदा म्हणाली, की पलीकडच्या हेमसिंगच्या नातवाले लय ताप हाय. जाताना म्हणाली, "इले आला का व?"

"नाई."

"पाह्य बरं नीट."

"पाह्यलं, आत्याबाई. गार हाय."

दिवाळी आली. दरड उघडी पडली, नथ्थूनं बंडी भरून आणली, डोणी पुन्हा भिजली. जिजाबाईनं लुगडं वर खोचलं, माती ढवळली, आणि फडकं हातात घेऊन दाराशी आली. तिथं ती थांबली. कोपरांपर्यंत हात पांढरे. भिंतीवर गेरूच्या आकड्याशेजारी औषधाचे ओघळ अजून दिसत होते.

"पोतारू का आता?" तिनं विचारलं.

असं तिनं आयुष्यात कुणाला विचारलं नसेल. गिरजेनं मान हलवली. तेवढ्यात पोर, जी आता पोटावर सरकायला शिकली होती, ती सरकत सरकत रेघेशी पोचली आणि तिनं आपला जाडजूड पंजा राखेत मारला. रेघ मध्येच पुसली गेली. पोरीनं राखेचा हात वर करून आजीला दाखवला.

भिंतीला अजून मातीचं एक बोटही लागलं नव्हतं. सोयर जशीच्या तशी होती. बाहेर बायका फडकी घेऊन उभ्या होत्या, बघत होत्या. जिजाबाईनं फडकं डोणीत टाकलं, खाली वाकली आणि पोरीला उचलून घेतलं, आपल्या ओल्या, पांढऱ्या हातांनी. पोरीच्या पाठीवर दोन पंजे उमटले.

"लय जड झाली व," ती म्हणाली, आणि कुणाकडे न बघता पोरीला घेऊन अंगणात गेली.

दार उघडं होतं. रेघ नव्हती. गिरजा उंबऱ्याशी आली. अंगणात ऊन होतं, नथ्थू होता, मेथीच्या जुड्या होत्या. तिनं पाय उचलला आणि तो आपोआप मागे वळला, तिसऱ्या पावलाला वळायची सवय लागलेला. तिनं चौकटीला धरलं. आतून पोरीचं हसणं ऐकण्याची तिला सवय होती. ते पहिल्यांदाच बाहेरून येत होतं.

तिनं पुन्हा पाय उचलला.